सात हजार आणि काही वेढे

मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो अशा दुपारी
माझ्या गिटारचा मागचा पिकअप मेला.
आधी किरकिर, मग कापसात बोलल्यासारखा आवाज,
मग नुसती तारांची कोरडी टकटक.

तसं तो जिवंत असतानाही आमचं जमत नव्हतंच.
मला हवा होता जाड आवाज, पण चिखल नको,
कडेला थोडा फाटलेला,
बाबा चिडले की शेवटच्या अक्षरावर फाटायचा तसा.
आणि निघायचं काय,
तर पत्र्यावर घासलेला चमचा.
मी गेन दहावर नेला, बास दहावर,
पायाशी पेडलांची रांग मांडली.
निकेश ड्रममागून म्हणायचा,
"काऊन इतकं झाकून राहिली बे?
बोटं ऐकू येऊ दे ना."

टिमकीत निकेशचे मामा, देवराम पराते,
कूलरच्या मोटारी भरतात.
सीझनमध्ये दुकानापुढे मोटारींची रांग,
प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी.
त्यांनी पिकअप तळहातावर घेतला.
"हे काय, उंदराची मोटार?"
म्हटलं, हे फिरत नाही, मामा.
तार हलते, हे ऐकतं.
"मंग कान किती वेढ्यांचा पाहिजे?"
आठ हजार. केसाहून बारीक तारेचे.

मामा आत गेले.
आत बंद पडलेला माग आहे,
त्यावर कपॅसिटरची खोकी रचलेली.
त्याच्यामागून त्यांनी काढला
कांड्या भरायचा चरखा.

तांब्याची तार अंगठा आणि तर्जनीतून सरकत होती,
दिसत नव्हती, फक्त मधूनच चमकायची.
मामा ती जरा इकडे, जरा तिकडे नेत होते.
मी विचारलं, एकाशेजारी एक सरळ नको का?
"सरळ भरली तं गळा दाबल्यावानी बसते.
थोडी हवा राहू दे तिच्यात."
दर शंभराला एक चिंचोका
या झाकणातून त्या झाकणात.

छपन्न चिंचोके झाले असतील,
तेवढ्यात एक बाई पंखा घेऊन आल्या, घरात बाळंतीण, हवा नाही.
मामा उठले.
परत येऊन पाहतात तर बाईंच्या पोरानं
दोन्ही झाकणं एकात ओतून
चिंचोक्यांचा गाडा केलेला.
मी कपाळाला हात लावला.
मामा नाही.
"हाताला भरल्यावानी लागलं का थांबू."
लागलं तेव्हा ते थांबले.
मीटरवर सात पूर्णांक सहा.
नंतर मेणबत्त्या वितळवून मेणात बुडवला,
मोठ्या आवाजात शिट्टी मारू नये म्हणून.

कळमन्यात, मिरचीच्या गोदामावरच्या खोलीत
आम्ही शिंकत शिंकत सराव करतो.
तिथला अ‍ॅम्प एका बंद झालेल्या टॉकीजचा,
व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं.
पिकअप अर्धा अर्धा आटा खाली घेतला,
फार जवळ गेला की चुंबक तारेला झुलू देत नाही.
गेन चारवर. बास उतरवला, मिड चढवला.
अ‍ॅम्पचा आवाज सहाच्या पुढे, जिथे स्पीकर धापा टाकू लागतो,
आणि गिटारची कळ सातवर,
तीन आकडे राखून.

मग जाड तीन तारा, एकच फटका.

डोक्यात होता तो आवाज नव्हता.
जरा काळसर होता, कडेला फाटलेला,
पण बाबांसारखा नाही,
ओळखीच्या कोणासारखाच नाही.
निकेशनं काठ्या खाली ठेवल्या.
खालून मिरचीचा ठसका आला, कोणीच शिंकलं नाही.

गुणगुण आहेच.
गल्लीतले सगळे कूलर हा पिकअप ऐकतो.
खिडकीकडे पाठ करून जरा तिरकं उभं राहिलं
की कमी होते, म्हणून मी आता तिरकी वाजवते.

पैसे द्यायला गेले तेव्हा
मामा तिसऱ्या मोटारीत डोकं घालून होते.
म्हटलं, कधी ऐकायला या.
"सीझन हाय." मग मान वर न करता,
"गरम होते का?"
नाही.
"मंग टिकते."