सेकंदाला एकशेवीस

निजायची खोली आमच्याकडे एकच,
आणि संगणकही तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी,
कारण विडोसावचे पियानो त्यात आहेत.
नोवी सादमध्ये आणि डॅन्यूबच्या पलीकडे
तीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या तारा त्याने जुळवल्या
त्या प्रत्येकाचा आवाज, आधीचा आणि नंतरचा:
शाळेचा, दंतवैद्याच्या बायकोचा,
पुरात भिजून फुगलेला तो एक
ज्याचे ‘नंतर’ झालेच नाही.

जुन्या फितींवरून रात्रभर काहीतरी उतरत असते.
हार्ड डिस्क घरघरते.
घरघरते असे मी म्हणते. तो म्हणतो, सूर आहे.
मिनिटाला सात हजार दोनशे फेरे,
म्हणजे सेकंदाला एकशेवीस,
म्हणजे एका काळीच्या वर, एका पांढरीच्या खाली,
मधल्या फटीत पाय अडकलेला.
"नुसता आवाज असता तर झोपलो असतो, झिवाना.
हा चुकलेला आहे."

जुलैत समोरच्या किल्ल्याचा दगड
रात्री दहापर्यंत निवत नाही.
त्यात हा डबा. हात लावावा
तर तापाने फणफणलेल्या पोराचे कपाळ.
मांजर हिवाळाभर त्यावर झोपते,
उन्हाळ्यात लांबून वळसा घालून जाते.

शनिवारी स्ट्राहिन्याच्या दुकानात गेलो.
पोरगा भला. न फिरणारीसुद्धा दाखवली त्याने,
चकती नाही, सुई नाही, आवाज नाही, ताप नाही;
पण सगळे पियानो मावतील एवढी घ्यायची
तर माझी दोन महिन्यांची पेन्शन.
मग फिरणाऱ्यांतली सावकाश कुठली?
विडोसावने दोन्ही चालू करायला लावल्या
आणि डोळे मिटून, तोंड किंचित उघडे ठेवून
गल्ल्यावर ओणवा झाला.
मागे प्रिंटर काखेत घेऊन उभा असलेला माणूस
माझ्याकडे बघत होता. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.
"हीसुद्धा मधलीच," शेवटी म्हणाला,
"पण खाली आहे, छातीपाशी. कानात शिरत नाही."
"हळू आहे हं, काका. फाइल उघडायला क्षणभर जास्त."
"पियानोला मी चार तास देतो," विडोसाव म्हणाला,
"हिला क्षण देईन."

घरी आल्यावर माझ्या शिवणाच्या डब्यातले इलॅस्टिक गेले,
पियानोच्या हातोडीचे नमदे गेले.
पत्र्याला कुठे टेकू नये म्हणून
डब्याच्या आत त्याने तिला झोळीत टांगली.
जुनीवरचे नवीवर यायला अख्खी रात्र लागली,
दोघी मिळून चालत होत्या,
आम्ही बाल्कनीत खुर्च्यांवर झोपलो.

मग दोन रात्री छान गेल्या.

तिसऱ्या रात्री जाग आली तर
विडोसाव काळोखात जमिनीवर बसलेला, बनियनवर.
प्लग उपटून हातात धरलेला.
"अजून आहे," म्हणाला.
"काय?"
"तोच. एकशेवीस."

मी कान दिला.
मांजर अंग चाटत होते. नदीवर लांब
एखादा पडाव. त्यापुढे काही नाही,
इतके काही नाही की उशीवर
माझेच केस घासलेले मला ऐकू आले.
त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले,
काढले, पुन्हा ठेवले,
परक्या घरातला पियानो तपासावा तसे.

मला कळले. त्यालाही कळले असणार,
पण हे वाक्य त्याच्या धंद्यातल्या माणसाने
स्वतःच्या तोंडाने कसे म्हणायचे?

"तुला येतोय ना ऐकू?"

चाळीस वर्षांत सुराबद्दल मी त्याला
कधी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही.
मला त्यातले ओ की ठो कळत नाही.

"येतोय," म्हटले. "जरासा उतरलेला आहे."

त्याने श्वास सोडला.
"जरासाच," म्हणाला, आणि येऊन आडवा झाला.

सकाळी प्लग मी लावला.
त्याने काही विचारले नाही.

आता डबा गार असतो, हाताला कळतही नाही चालू आहे ते.
मांजर भर जुलैत त्यावर येऊन झोपते
आणि झोपेत घुरघुरते.
कुठल्या पट्टीत, ते मी विचारत नाही.