दोन थाऊ

देवगड बंदराच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं लेथ मशीन.
दिवसा ट्रॉलरचे शाफ्ट, पंख्यांचे बुश, विंचाचे पिन.
रात्री, शेजारचा कॉम्प्रेसर दमला की
करंगळीएवढा सिलिंडर.

गनमेटल विकत आणलेलं नाही.
भिकाजी तांडेलच्या होडीचा पंखा कातळावर फुटला,
त्यातलं एक पातं त्यानं उधारीत वळतं केलं.
वरून हिरवं, कालवांचे पांढरे वण तसेच.
पहिला कट घेतला
आणि आतून काप्या फणसाचा रंग निघाला.

"खेळणी करतंस काय रे?"
इंजान, म्हटलं. वाफेचा.
"हय खयसून येतला वाफेचा? रेल्वे इली, ती पन डिझेलची."
खरं आहे.
आमच्याकडे रूळ पोचले तोवर
कोळसा केव्हाच घरी बसला होता.
जे इथून कधी गेलंच नाही
त्याची आठवणसुद्धा
कातूनच काढावी लागते.

पोलादाला इथं एक रात्रही फार होते.
संध्याकाळी आरसा केलेला पिस्टनचा दांडा
सकाळी तांबूस.
म्हणून तयार नग तांदळाच्या डब्यात,
उकड्या तांदळात खोल, पुरचुंडी बांधून.
एकदा गाठ सुटली.
पेज वाढताना कुमुदच्या पळीत टिणकन वाजलं:
दोन मिलीमीटरचा नट, शिजून लख्ख.
"मऊ नाय झालो अजून," ती म्हणाली,
"आणि एक उकळी देव?"

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
माणसाचा केस तीन थाऊ.
कुमुदचा अडीच;
मोजलाय मी, तिला न सांगता.

त्या रात्री सिलिंडर चकात होता,
भोक पाडून झालेलं, शेवटचा हात बाकी.
अडीच वाजता शटरवर थाप.
अन्वर सोलकर, मागे दोन खलाशी,
तिघांच्या खांद्यावर शाफ्ट, लुंग्या गुडघ्यापर्यंत ओल्या.
"वेल्ड भरून आणलंय, कातून दे.
बांगडा लागलाय. पाचला भरती."

चकातला नग काम संपेतो काढू नये.
हे कुठल्या सरांनी शिकवलं नाही,
एका वाया गेलेल्या आठवड्यानं शिकवलं.
एकदा जबडे सुटले
की तो पुन्हा त्याच केंद्रावर बसत नाही,
तुम्ही कितीही खुणा करा.

मी खुणा केल्या.
पहिल्या जबड्यासमोर पेन्सिलीची रेघ,
मग चावी फिरवली.

पावणेपाचला शाफ्ट गेला.
पैसे नंतर, म्हणाला. नंतरच आले,
दिवाळी उलटून, बांगड्यांच्या पाटीवर ठेवून.

सिलिंडर परत बसवला. रेघेला रेघ.
डायल लावला, चक हातानं फिरवलं.
काटा डुलला.
दोन थाऊ.
कुमुदच्या एका केसाहून कमी.
पण वाफेला केस दिसतो.

दुसरं पातं नव्हतं. तसाच पुरा केला.

शिमगा झाल्यावर एका रविवारी
इंजिन फणसाच्या फळीवर चढवलं.
रूळ नाहीत, चाकं अधांतरी,
स्पिरिटची निळी वात.
दाबाचा काटा उठला. बोटानं चाक ढकललं.
छक्, छक्, छक्,
छक्.

चौथा ठोका उशिरा.
कुमुद पदराला हात पुसत उभी होती.
"ह्येचो पाय लचकलोहा."

खाली जेटीवर अन्वरची होडी सुटत होती.
तिचा आवाज मी ओळखतो,
अगदी सरळ, कुठे अडखळत नाही.
मी दोन्ही ऐकत राहिलो, पाणी संपेपर्यंत.

शिटी अजून बाकी आहे.
तिच्या व्हॉल्व्हची गोळी आज दुपारी बोटांतून निसटली.
आता टॉर्च दातांत धरून
गुडघ्यांवर आहे,
पितळेच्या किसात कोपरापर्यंत हात घालून.
कुमुद तांदूळ निवडतेय.