माप

तीस वर्षं सान अँटोनियोच्या छपरांवर डांबर.
एलेउतेरिओचे तळवे आता बधिर.
साखरेमुळे, म्हणतात डॉक्टर.
उन्हामुळे, म्हणतो तो.

आरासेली थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झाली
तेव्हा घरी बोलली नाही.
उन्हाळाभर टाकेरियात कांदे चिरले,
डोळ्यांतल्या पाण्याला तेवढंच निमित्त,
आणि पुन्हा फी भरली.

आता इंटर्नशिपचं पत्र फ्रिजवर,
लिंबाच्या चुंबकाखाली.
प्रयोगशाळेत, गुलाबी द्रवात
ती कातडी वाढवते.

रविवारी फोटो दाखवला.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
"केवढी?"
"टपाल तिकिटाएवढी, पापा."
तो बोटांवर हिशेब करत राहिला,
छपराचा अंदाज देताना करतो तसा.

मग मोजा काढून
पाय तिच्या मांडीवर ठेवला.
"माप घेऊन ठेव."