चारच्या खाली

नर्स आयलीनने दिलेली यादी फ्रिजवर आहे,
मेंढीच्या चुंबकाखाली:
घाम. थरथर. धडधड. भूक. ओठांना मुंग्या.
आकडा चारच्या खाली गेला की काहीतरी गोड द्यायचं,
पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट टोचायचं.
यादी बरोबर आहे.
फक्त ती उशिरा पोचते.
मानेवर घाम येईतो
भालचंद्र दोन जिने उतरून गेलेला असतो.

मला आधी कळतं.
कसं, ते आयलीनला इंग्रजीत सांगता आलं नाही.

तो चष्मा पुसतो, घालतो, काढून परत पुसतो.
टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला उत्तर देतो.
किल्ली मुठीत धरून किल्ली शोधतो.
आणि मग त्याची भाषा घरी जाते.
एरवी छापील मराठी बोलणारा माणूस
डंडीच्या तिसऱ्या मजल्यावर
एकदम मूर्तिजापूरचा होतो:
"मले काई नाई झालं. काहून मांगं लागली?"

'काहून' ऐकलं की मी हातातलं लाटणं टाकते.
'काहून' म्हणजे तीन पॉइंट चार, फार तर पाच.
'मले' म्हणजे तीनच्या आत.

जेली बेबीची पाकिटं घरभर आहेत,
कोटात, गाडीत, उशीखाली, माझ्या पर्समध्ये,
एक देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे.
चार द्यायच्या.
तो आधी डोकी खातो.
हिरवी नको म्हणतो, त्या अवस्थेतही.

फेब्रुवारीत मी चुकले.
मिहिरला मी परस्पर सांगून टाकलं होतं,
येतो आम्ही रेडिंगला, तुझ्याजवळ, कायमचे.
भालचंद्रने कप भिंतीवर फेकला.
मी बशी-चहाचं काही बघितलं नाही,
चार बाळं घेऊन धावले.
त्याने बोट पुढे केलं. "टोच."
सात पॉइंट दोन.
"हा राग माझा आहे, कुंदा," तो म्हणाला,
एकेक अक्षर स्वच्छ,
"साखरेचा नाही. एवढा तरी माझा राहू दे."
बाळं मुठीत चिकटून बसली होती.
आतल्या खोलीत जाऊन मीच खाल्ली,
हिरवीसुद्धा.

आणि परवाची रात्र.
टे नदीवरून धुकं वर आलं होतं,
रस्त्यावरचे दिवे नुसते डाग.
तीन वाजले असतील.
तो पलंगाच्या कडेला बसून
माझ्या केसांवरून हात फिरवत होता.
"तू लय थकली वं," तो म्हणाला.
"माह्यासाठी किती करतं.
हे हात पाह्य तुह्ये, कसे झाले."

एकतीस वर्षांत
माझ्या हातांबद्दल तो कधी बोलला नव्हता.

मला कळलं होतं.
'माह्या' कानावर पडलं तेव्हाच कळलं होतं.
तरी मी पडून राहिले.
एक क्षण. फार तर दोन.
त्याचा तळवा गार होता, ओला,
आणि कपाळापासून मानेपर्यंत
तो सावकाश येत होता.

मग दिवा लावला.
सदऱ्याची कॉलर पिळून काढावी इतकी भिजलेली.
दोन पॉइंट सहा.
संत्र्याचा रस, नळी, नळीवरून भांडण,
अर्धा रस चादरीवर, अर्धा पोटात.
स्वयंपाकघरातल्या घड्याळाची पंधरा मिनिटं,
धुराड्यावर कुठलासा समुद्रपक्षी उगाच किंचाळत होता.
पाच पॉइंट एक.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.
छापील मराठी.
"मी काही बोललो का?"
"नाही," मी म्हटलं. "किल्ली शोधत होतास."
बिस्किट खाऊन तो झोपला, पाठ करून, नेहमीसारखा.

सकाळी फ्रिजवरच्या यादीत
मुंग्यांच्या खाली मी पेन्सिलीने लिहिलं,
आयलीनला वाचता येऊ नये अशा लिपीत:
प्रेमाने बोलला तर लगेच तपासणे.

'लगेच'खाली रेघ मारली.
थोड्या वेळाने येऊन
आणखी एक.