मोकळा रकाना

एकेचाळीस दिवसांनी दांडिया बाजारातल्या घरी आले
तर जिना डावीकडे कलत होता.
आई म्हणाली, आधी जेव. मग पोळी वाढता वाढता,
काय काय दिसलं?

पाणी, आई.
लक्षद्वीपच्या पश्चिमेला, तळ दोन हजार मीटर खाली,
छपरावर आम्ही दोघं, मी डावी बाजू, कासिमकोया उजवी,
दुर्बीण नाकासमोरून खांद्यापर्यंत, परत नाकासमोर.
दर अर्ध्या तासाला एक ओळ:
वेळ, वारा, लाट, उन्हाची चकाकी.
काहीच नसेल तर शून्य.
रकाना मोकळा सोडायचा नाही.
मोकळा म्हणजे कुणी बघितलंच नाही,
शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं.

एकदाच, एकोणिसाव्या दिवशी,
क्षितिजाच्या दोन बोटं अलीकडे
थंडीत कुणी तोंड उघडावं तशी वाफ,
तिरकी, डावीकडे झुकलेली.
कासिमकोया ओरडला नाही. माझं कोपर धरलं फक्त.
पाच फवारे मोजले. मग शेपूट,
झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटून घ्यावं तशी.
पन्नास मिनिटं थांबलो.
तो दुसरीकडे कुठेतरी वर आला असेल.

रविवारी नीरद घेऊन गेला मला सयाजीबागेत,
म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी.
हाच दिसला का गं मावशी?
हा कसा असेल रे, हा तर सगळाच दिसतोय.

परतताना काळाघोड्याच्या पुलावर स्कूटर थांबलेल्या,
खाली विश्वामित्रीत मगर:
दोन डोळे, नाकपुड्या, बाकी सगळी नदीची.
लोक मोबाइल काढत होते.
माझा हात खिशात पेन्सिल शोधत होता.
अंतर तीस मीटर. संख्या एक.
पुढे पाण्याखाली किती, ते नदीला विचारा.

रात्री दुधाचा हिशोब बघायला कॅलेंडर उतरवलं.
खाडे लाल पेनाने, नेहमीसारखे.
पण प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात, बारीक, शिसपेन्सिलीने
एक शून्य.
मागचं पानही उलटून पाहिलं.
चाळीस शून्यं, आणि एका चौकोनात
"रात्री ७.१०. आवाज तुटत होता."

हे कसले गं खाडे?
फोनचे, म्हणाली,
आणि कुकरखालचा गॅस बारीक केला.