मोसंबीएवढा फुगा

पहिल्यांदा अडकला तो चुरमुरा.
माझाच. माझ्याच कढईतला, लसूण-कढीपत्त्याचा,
चाळीस वर्षं ज्या भडंगावर घर चाललं.
शालन म्हणाली, पाणी प्या.
पाणीही तिथंच उभं राहिलं.

मग सांगलीहून मिरज. तपासण्या. फाईल जाड झाली.
डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची नाही,
दुर्बिणीनं करू, बरगड्यांमधून चार भोकं.
यार्डात पोत्याला पोकळ सळई खुपसून
हळद बघतात, तसंच की, म्हटलं.
ते हसले नाहीत.

नासकी नळी गेली. जठर वर ओढून तिच्या जागी शिवलं.
पोट आता गळ्याच्या शेजारी राहतं.

पाठीत, मणक्याच्या कडेला, दोऱ्याएवढी नळी,
तिच्या टोकाला मोसंबीएवढा रबरी फुगा,
त्यात बधिर करायचं औषध.
भूल देणाऱ्या मुजावर मॅडम म्हणाल्या,
हा आपोआप बारीक होत जाईल, मामा,
तुम्ही काही करायचं नाही.
जन्मात असं कुणी मला म्हटलं नव्हतं.

उजव्या कुशीला हात लावून बघितला.
गिऱ्हाइकाची पिशवी चुकून उचलावी, तसं.
हाताला कळत होतं,
कुशीला नाही.

सिस्टर सुवार्ता चार-चार तासांनी यायची:
शून्य ते दहा, किती दुखतंय?
मी म्हटलं, मापात सांगतो.
पडून असलो तर छटाक,
खोकलो की पावशेर.
तिनं कागदावर लिहिलं, तीन.
मग उशी छातीशी धरायला लावली.
खोका, मामा. खोकता यावं म्हणूनच हे औषध,
नाहीतर कफ साचून फुप्फुस बसतंय.
खोकलो.
आत लांब कुठंतरी
कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

शेजारच्या खाटेवर तासगावचे एक दादा
रात्रभर भिंतीकडे तोंड करून कण्हायचे.
त्यांच्या पाठीला फुगा नव्हता.
त्यांचं वेगळं होतं म्हणे. मी विचारलं नाही.
माझा फुगा मी चादरीखाली घेतला.

चौथ्या दिवशी तो चपटा झाला.
नळी ओढून काढली, कळलंही नाही.
दुपारी कूस परत आली,
आधी मुंग्या, मग ऊब, मग ती स्वतः,
तक्रारी घेऊन.

तेवढ्यात सुहासचा फोन, दुकानातून:
आप्पा, आज घाणा मी काढलाय, कसा झालाय कळंना.
माझ्या तोंडाला अजून पाण्याचा थेंब नाही.
म्हटलं, मूठभर डब्यात टाक, हलव, फोन जवळ धर.
डबा वाजला.
ओला आवाज.
नरम आहे रे, परत आचेवर घाल.
आणि मीठ...
मीठ काही ऐकू येत नाही, तेवढं तू बघ.

शालन हसली. मग मीही,
आणि हसू बरोबर तिथं लागलं
जिथं चार दिवस कुणी राहत नव्हतं.

सिस्टर आत आली, पेनाचं टोपण काढलं.
किती, मामा?

थांबा, म्हटलं,
काटा अजून हलतोय.