पार्ट दिल्लीहून येतो

मिक्सर दुरुस्तीला टाकला, तेव्हा
मतदानाची शाई नखाच्या मुळाशी होती.
सिंहगड रोडच्या सर्व्हिस सेंटरात
घारपुरे मॅडम मान वर न करता म्हणाल्या,
"पार्ट दिल्लीहून येतो."

आज पुन्हा तोच बाक. टोकन एकोणीस.
टीव्हीत संसद, आवाज बंद.
खालच्या पट्टीत
कोण कुठल्या पक्षातून कुठे गेलं ते सरकतंय;
माझं मतही त्यांच्याबरोबर गेलं असणार,
मला न विचारता.

"वॉरंटी संपलीय, काका."
"कधी?"
"तुम्ही वाट बघत होतात तेव्हा."

घरी वासंती खलबत्त्यात कूट करते,
बातम्या लागल्या की जरा जोरात.

रात्री नखं कापली.
शाईचा उरलेला काळा कोर
उडाला, सापडला नाही.
पावती मात्र आहे,
देवघराच्या खणात.